आसरेची ओटी

शहरातल्या माझ्या जुन्या शाळेतल्या बायकांना मी हे अजून सांगितलेलं नाही. पंधरा वर्षं त्यांच्यासमोर अंधश्रद्धेवर भाषणं ठोकली आहेत, आता कोणत्या तोंडाने सांगू? तुमचा चहा होईतो तुम्हाला सांगून टाकते. मध्ये हसायचं मात्र नाही.

चित्रकलेची नोकरी सोडून मी पारनेर तालुक्यात, धरणाच्या काठी दोन खोल्या घेतल्या. आपल्या जिल्ह्याला समुद्र कुठला? पण आमचा काठ बघा एकदा. काळा कातळ, त्यात माणूस मावेल एवढ्या कपारी, खाली पाणी, आणि वारा असा की वाळत घातलेल्या साडीमागे शेजारच्या ज्वारीत पळावं लागतं. तिथे मी कापड रंगवते आणि दुपारी गावातल्या सहा बायकांना रंगकाम शिकवते.

माझा जीव निळीत. पण निळीचा पिंप आंबला की वास असा सुटतो की घरमालकाने हात जोडले. म्हणून पिंप नेला काठावरच्या एका कपारीत. दुपारी वाऱ्याने पाणी खवळतं, तेव्हा मी पहाट सरता सरता जायची. साडी पिंपातून काढायची, कमरेइतक्या पाण्यात शिरायचं आणि ती पाण्यावर पसरायची. थंडीचे दिवस. पाण्यातून धुकं असं उठायचं की स्वतःचा हात लांब केला तर बोटं दिसायची नाहीत.

एका दुपारी सहातल्या दोघीच आल्या. पार्वताबाई आणि तिची सून मंदा. पार्वताबाई साठीची, माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. पण त्या दिवशी तिने कापडाला हात लावला नाही.

"बाई, उद्यापासनं आमी येनार न्हाई."

"का गं?"

"पान्यात आसरा दिसली."

आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी, सात बहिणी. हे मलाही ठाऊक होतं. मी हसले.

"कुणाला दिसली?"

"आमच्या मालकास्नी. मासं धरायला गेल्ते सकाळच्या पारी. धुक्यात उभी हुती म्हनं. केस मोकळं. कमरेखाली कायबी न्हाई, निस्तं पानी."

"आन गुनगुनत हुती," मंदा हळूच म्हणाली. "पर शब्द न्हवतं त्यात."

मी दोघींना चांगलं अर्धा तास समजावलं. धुकं म्हणजे काय, डोळ्याला भास कसे होतात, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. दोघींनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. बाकीच्या चौघींना तर घरूनच बंदी झाली होती.

मग मी सकाळी काठावर गेले, तर माझ्या कपारीजवळच्या कातळावर हळदी-कुंकू वाहिलेलं, हिरव्या बांगड्या आणि दहीभात. भात ताजा होता. आसपास चिटपाखरू नाही. दुसऱ्या दिवशी नारळ आणि खण. तिसऱ्या दिवशी काहीच नव्हतं, आणि खरं सांगते, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मनाला म्हटलं, तू शिकलेली बाई आहेस. साडी काढली, पाण्यात शिरले. भीती घालवायला नेहमीसारखं गुणगुणायला लागले. इतक्यात धुकं जरासं फाटलं.

पलीकडच्या खडकावर तीन बायका उभ्या होत्या.

डोक्यावरून पदर ओढलेले, तोंडं दिसत नव्हती. हलत नव्हत्या, बोलत नव्हत्या, माझ्याकडे तोंड करून उभ्या. पाणी एकदम गार लागायला लागलं. माझं गुणगुणणं कधी थांबलं मला कळलं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी मी काय केलं, तर दोन्ही हात वर करून नमस्कार केला. तर त्या तिघी, जमिनीने ओढून घ्याव्यात तशा, एकदम खाली गेल्या. खडक रिकामा. मग धुकं पुन्हा दाटलं.

साडी तिथेच टाकून मी घरी कशी आले ते विचारू नका. दाराला कडी घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा देवासमोर दिवा लावून रामरक्षा म्हटली. अर्धीच येत होती, तेवढीच चार वेळा म्हटली.

आता गप्प बसायचं की नाही? पण मी दुपारी पार्वताबाईचं घर गाठलं.

"पार्वताबाई, तुमचं खरं होतं. मी पण पाहिल्या. एक नाही, तीन."

झालं. तात्या म्हणजे पार्वताबाईचे मालक. त्यांना इतके दिवस अर्धं गाव हसत होतं. आता बाईंनी स्वतः पाहिली म्हटल्यावर हसणारे गप्प झाले. ठरलं की शुक्रवारी सगळ्या गावाने काठावर जाऊन आसरेची ओटी भरायची. ओटी कोणी भरायची? ज्या बाईला त्या तिघींनी दर्शन दिलं, तिने.

मला वर्ग हवा होता हो. सहा बायका हातात कला घेऊन बसायच्या, त्या घरात कोंडल्या होत्या. म्हटलं, आसरा शांत होत असेल तर होऊ दे. प्रदर्शनासाठी दीड महिना खपून रंगवलेली साडी होती माझ्याकडे, बारीक बांधणीची, त्या हंगामातलं सगळ्यात चांगलं काम. ती ओटीत घातली. शुक्रवारी भर दुपारी साठ-सत्तर माणसांसमोर डोक्यावर पदर घेऊन पाण्याला हळदी-कुंकू वाहिलं, नारळ ठेवला, साडी सोडली. ती हळूहळू बुडताना माझे डोळे भरून आले. बायकांना वाटलं, भक्तीने.

मग कातळावर बसून प्रसाद खाताना कोणीतरी तात्यांना म्हणालं, पुन्हा सांगा की नीट. तात्यांनी पाय पसरले.

"समद्यात नवल काय सांगू? तिचं लुगडं. हिरवंगार हुतं, पोपटावानी. तिनं पान्यावर पसरलं, आन माझ्या डोळ्यादेखत निळं झालं."

माझ्या घशात शिरा अडकला.

निळीच्या पिंपातून कापड बाहेर निघतं तेव्हा हिरवं असतं. हवा लागली की निळं होतं. त्या साठ-सत्तर माणसांत हे फक्त एका बाईला ठाऊक होतं, आणि ती बाई नुकतीच स्वतःची ओटी भरून बसली होती.

मी पार्वताबाईकडे पाहिलं. "तू परवा सकाळी कुठे होतीस गं?"

"पल्याडच्या खडकावर," ती पुटपुटली. "मी, मंदा आन शेजारची यमुना. आसरा बघायला गेल्तो. दिसली बी. आमच्याकडं बघून तिनं दोनी हात वर केलं, मग आमी तिथंच लोटांगन घातलं."

लपवून काही उपयोग नव्हता. मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. पिंप, साडी, मोकळे केस, गुणगुणणं, सगळं. कोपरापर्यंत निळे हात वर करून दाखवले. पार्वताबाई आधी पांढरी पडली, मग पदरात तोंड घालून हलायला लागली. रडते की हसते, कळेना. हसतच होती.

तात्या मात्र उठून माझ्याजवळ आले. मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं. मग समजूत घालावी तसं म्हणाले,

"न्हाई बाई. ती तुमी न्हवं. ती लई देखनी हुती."

सोमवारपासून सहाही जणी वर्गाला यायला लागल्या. आता सकाळी दोघी-तिघी माझ्याबरोबर पाण्यातही उतरतात. तात्या जाळं घेऊन काठाने जातात तेव्हा मी कमरेइतक्या पाण्यात उभी असते, केस मोकळे, हातात हिरवी साडी. ते थांबतात.

"बाई, ती आल्ती का वो पुन्ना?"

मी नाही म्हणते. तात्या हिरमुसतात, आणि मी मध्ये येते म्हणून जरा बाजूला सरकून पलीकडे धुक्यात बघत राहतात.