काकींच्या परसातली वाट

काकींच्या दारात कोणीही येऊन उभं राहिलं, की त्या हातातलं काम बाजूला ठेवायच्या, पाट सरकवायच्या आणि म्हणायच्या, “आधी जेव रे, मंग बोल.” मग तो पोस्टमन असो, नाहीतर भांडायला आलेला शेजारी. सापगावात माझं घर त्यांच्या घराला लागून, त्यामुळे हे वाक्य मी जवळपास रोज ऐकलेलं आहे.

नवरा धरणावर नोकरीला होता तेव्हा काकींनी भातसानगरला खानावळ चालवली. समोरचा जेवतो कसा, यावरून माणूस ओळखायची सवय तिथली. एकदा भर मांडवात, जेवणाऱ्या नवऱ्यामुलाकडे बघून, त्या नवरीच्या बापाला म्हणाल्या होत्या, “भाताचा डोंगर घेतो न् अर्धा टाकतो. याला पोरगी देऊ नका.” लग्न झालं, आणि पुढे बापाला काकींचं म्हणणं आठवत बसावं लागलं.

नवरा गेला, मग गुडघे गेले. कल्याणला राहणारी मुलगी ‘माझ्याकडे चल’ म्हणून मागे लागली, तेव्हा काकींनी घर विकायला काढलं.

घर साधं, कौलारू. पण त्याच्या परसातून एक वाट जायची. मागच्या टेकडीवर कातकरी वाडी आहे. तिथल्या बाया त्या वाटेने खाली विहिरीवर पाण्याला यायच्या. कागदावर ती वाट कुठेच नव्हती. काकींच्या सासूने जाऊ दिलं, काकींनी जाऊ दिलं, एवढंच. टेकडीच्या पायथ्याची बाकी सगळी जमीन एका माणसाने आधीच घेऊन टाकली होती.

तो पांढऱ्या गाडीतून यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा काकींनी पाट मांडला. त्याने पाटाकडे पाहिलंही नाही. उभ्या उभ्या परस न्याहाळलं आणि म्हणाला, “दुसरा जे देईल, त्याच्या वर मी देईन.” पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

त्यानंतर ती गाडी रोज संध्याकाळी समोरच्या जांभळाखाली येऊन थांबू लागली. काचा वर, इंजिन चालू. उतरायचं कोणी नाही. आमचा कुत्रा आधी तिच्यावर भुंकायचा. पुढे पुढे गाडी दिसली की शेपूट घालून घरात शिरायचा.

शहापूरच्या एका मास्तरांना घर फार आवडलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला, “आमचं नको, राहू द्या.” कारण विचारलं तर फोन ठेवला.

मग म्हसा गावच्या जत्रेच्या दिवसांत एक नवरा-बायको आले. बरोबर लहान मुलगी. मुरबाडला भाड्याने राहतो, म्हणाले. काकींनी भात आणि वालाचं बिरडं वाढलं. दोघांनी ताटात शीत ठेवलं नाही. बाईने न सांगता ताटं घासली. मुलगी तर “आजी, आजी” करत काकींच्या मांडीवरच येऊन बसली. वाटेचं सांगितलं तेव्हा तो माणूस हसला. “जाऊ देत की बायांना. वाट काय आम्ही उचलून नेणार आहोत?”

वाडीतली एक म्हातारी हंडा टेकवून हे सगळं बघत होती. ती माणसं गेल्यावर म्हणाली, “काकी, ती बाय घर घेया आली, न् चुलीकडं बघलंच नाय.”

“अगो, त्यांचं जेवान बघ ना!” काकी हसल्या.

म्हातारी हसली नाही. हंडा उचलून निघून गेली.

गाडीवाल्याने बोली वाढवली. काकींची मुलगी कल्याणहून फोनवर म्हणत होती, त्यालाच दे. काकी मला म्हणाल्या, “ज्याला माज्या घरचं पानी चाललं नाय, त्याला घर देऊ?” मी म्हटलं, “मग निदान वाटेचं तरी लिहून घ्या.” त्यावर त्या रागावल्याच. “माज्या हातचं जेवलेल्या मानसाकडून लिहून घेऊ?”

घर त्या जोडप्याला गेलं आणि काकी कल्याणला गेल्या. जोडपं राहायला काही आलं नाही. दाराचं कुलूप तसंच होतं.

एका संध्याकाळी जांभळाखाली गाडी नव्हती. मला हायसं वाटलं. सहज मागच्या बाजूला गेलो, तर ती काकींच्या परसात उभी होती. इंजिन चालू.

चार दिवसांत खांब रोवले गेले, तार ओढली गेली. मी फोन केला. काकी कल्याणहून मुलीला घेऊन आल्या. फाटकावर नवा राखणदार होता.

“मालक कोन?” काकींनी विचारलं.

“शेठ. पांढरी गाडी नाय का, ते.”

“मी तर नवरा-बायकोला घर दिलंय.”

“ते दोघं? शेठच्या हाफिसात कामाला हायेत. नवरा-बायको कशाचे!”

काकी तारेचं, वाटेचं काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, “आन् ती पोरगी? ती कोनाची?”

“ते मला नाय ठाव, आजी.”

त्या दिवशी आम्ही तहसीलला अर्ज दिला. चौकशी चालू आहे, असं अजून सांगतात.

त्याच संध्याकाळी परत जायला मुलगी रिक्षा घेऊन आली, तर काकी माझ्या घरी नव्हत्या. वाडीतल्या बाया आता हमरस्त्याने वळसा घालून पाणी नेतात. काकी त्यांच्यात होत्या. कमरेवर कुणाची तरी कळशी, लंगडत, रस्त्याच्या कडेने. समोरून खडीचा ट्रक आला. बाया पटापट खाली चरात उतरल्या. काकींना गुडघ्यांमुळे उतरता येईना. त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, कळशी दोन्ही हातांनी धरून. ट्रक त्यांना घासून गेला आणि धुळीत काही दिसेनासं झालं. धूळ बसायला फार वेळ लागला. बसली तेव्हा काकी तिथेच उभ्या होत्या, कळशी तशीच धरून.