रामाजीच्या दारातली काठी

आमच्या गावच्या लोकांचं एक मोठं वाईट आहे. दुसऱ्याचं मन दुखू नये म्हणून ते तोंड शिवून बसतात, अन् त्यानंच दुसऱ्याचा जीव जाते. रामाजी कळंब्यांचं मी पाहिलं म्हणून सांगून राहिली. ते आमच्या शेजारी राहत. माझे सासरे दादाजी अन् ते लहानपणचे मित्र. मी रामाजींले काकाजी म्हणे.

गाव आमचं पांढुर्ण्याच्या खालच्या अंगाले, जाम नदीच्या काठी. नदीकडचा उतार पहिले उघडाबोडका होता. दर पुरात दरड कोसळे अन् वावरातली माती वाहून जाये. स्वराज्य आलं त्या साली श्रीधर मास्तरांनी मारुतीच्या पारावर माणसं बसवली अन् म्हणाले, "झेंडा लावला, पेढे खाल्ले, आता हा काठ वाचवा." तिथंच समिती झाली. उतारावर गुरं सोडायची नाहीत, कुऱ्हाड चालवायची नाही, गवत दसऱ्यानंतर कापून घरोघरी वाटून घ्यायचं. त्या उताराले मग सारे कुरण म्हणू लागले.

राखणीले नोकर ठेवला नाही. बाभळीची एक काठी केली. आज ज्या घरची राखण, त्यानं दिवेलागणीले ती काठी पुढच्या घराच्या दाराले टेकवून यायची. हाक मारायची नाही, विचारायचं नाही. सकाळी दारात काठी दिसली की समजायचं, आज आपली बारी. मास्तर म्हणत, "सांगून केली तर ती राखण नाही, वेठ आहे." तेव्हा सगळ्यांले ते फार पटलं.

अन् चाललं बरं का ते. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, जमीन सरकारची झाली, तरी काठी फिरत राहिली. काठावर पळस उठले, दरड थांबली. 'गाव करी ते राव न करी' म्हणतात, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मग राज्यांची वाटणी झाली. नागपूर मुंबईकडे गेलं, आम्ही भोपाळकडे राहिलो. श्रीधर मास्तर नोकरीपायी नागपूरले निघून गेले. काकाजींची एकुलती लेक प्रेमलता काटोलले दिलेली. गाडीत बसलं की आलंच काटोल, पण ती आता परराज्यातली झाली. "मी पोरगी जवळ दिली होती, सरकारनं दूर नेली," असं काकाजी हसून सांगत. त्याच हिवाळ्यात त्यांच्या घरच्या अंबाकाकू वारल्या. मग ते हसणंही गेलं.

माणूस घरात बसेना. आपली बारी नसली तरी कुरणात जाऊन पळसाखाली बसत, कधी एकटेच बोलत. एकदा काठी आमच्या दाराले टेकली होती. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती उचलली अन् परत काकाजींच्या दाराले टेकवून आले. घरात येऊन म्हणाले, "त्याले घर खायला उठते. कुरणात जीव रमते त्याचा, तर राहू दे काठी त्याच्याजवळच." ही गोष्ट पुढच्या घरी कळली, तिथून त्याच्या पुढच्या. सारं गाव एकदम दयाळू झालं, ज्याच्या दारात काठी दिसे तो ती गुपचूप काकाजींच्या दाराले नेऊन ठेवे.

पण काकाजींले काय दिसलं? संध्याकाळी काठी शेजारी ठेवली, सकाळी ती आपल्याच दारात. दुसऱ्या दाराले ठेवून पाहिली, तरी परत. गावातली सारी दारं करून पाहिली, मग ठेवायचीच सोडली. विचारायची तर रीत नव्हती. त्यांले वाटलं, गावानं कुरण सोडलं, अन् आपल्यालेही सोडलं.

ऊन असो, पाऊस असो, काकाजी कुरणात. अंगात ताप असला तरी कुरणात. प्रेमलता न्यायले आली, पाया पडली. "बाबा, चला ना. एकट्यानं भाकर थापून किती दिवस खासान?"

"येतो बाई," ते म्हणाले. "पण काठी कोणाच्या दारात ठेवून येऊ?"

ती रडतच गाडीले गेली. मी भिंतीपलीकडून सारं ऐकलं. मामाजींले म्हटलंही, "काकाजींले जड होऊन राहिलं ते. काठी घ्या ना आपण." तर माझ्यावरच डाफरले, "तुले काय समजते? काठी घेतली तर मरन तो." सुनेचं कोण ऐकते? मी आपला डोक्यावरचा पदर सारखा केला अन् चुलीपाशी गेली, पण राग पोटात राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात सौंसरहून एक अधिकारी आले. हिंदी बोलणारे, स्वभावानं चांगले. नदीकाठच्या पडीत जमिनी लोकांले कसायले वाटायच्या होत्या. कुरण राखणारी समिती असन तर ते गावाकडेच राहीन, नसन तर त्याचे तुकडे पडतीन, असं त्यांनी समजावून सांगितलं. पारावर सारे जमले, आम्ही बाया देवळाच्या मागं उभ्या. साहेबांनी विचारलं, "समिति में कौन-कौन है?"

सगळ्यांनी काकाजींकडे पाहिलं. मान त्यांचा, म्हणून थांबले असतीन. ते काठी टेकत उठले. पार वाळून गेले होते.

"साहेब, समिती नाही आता," ते म्हणाले. "मी एकटाच उरलो. गावानं काठी केव्हाच टाकली. माझ्यानंही आता होत नाही. मी मेलो की गुरं शिरतीनच, तर आजच लिहून टाका."

मामाजी पुढं झाले. "रामाजी, काय बोलून राहिला तू? आम्ही टाकली?"

"मंग सकाळी माझ्याच दारात कोण ठेवे?"

"पहिले मीच ठेवली, मंग साऱ्यांनी. अंबावहिनी गेली, तुले घरात करमेना. म्हटलं, तेवढाच आधार तुले."

"अरे, मले एका शब्दानं विचारलं असतं."

"विचारायची रीत कुठं आहे?"

"तापात गेलो रे मी, दादाजी. तुमच्या साऱ्यांच्या दारावरून गेलो. वाटे, एकानं तरी म्हणावं, रामाजी, आज बस घरी."

एवढा मोठा माणूस पारावर बसून रडला. मामाजीही रडले. मले काही रडू आलं नाही, मले एकेकाचे कान उपटावेसे वाटले. न विचारता दया करायची, ही कुठली माणुसकी?

साहेबांले आमची बोली किती समजली, देव जाणे. त्यांनी घराघरातून एकेक नाव सांगायले लावलं, अन् साऱ्यांनी सांगितलं. कुरण वाचलं. त्या संध्याकाळी काकाजींनी काठी आमच्या दाराले टेकवली, अन् सकाळी मामाजी ती घेऊन राखणीले गेले.

मी चहा घेऊन काकाजींकडे गेली. ते ओट्यावर बसले होते, दाराच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत. "मोकळं वाटते का, काकाजी?" मी विचारलं. कोणी तरी विचारायले पाहिजेच होतं.

"वाटते," ते म्हणाले. "पण पोरी, आता सकाळी जाऊ कुठं?"

थोड्याच दिवसांत प्रेमलता त्यांले घेऊन गेली. काटोलले कमी काही नव्हतं. नातवंडं होती, गरम जेवण होतं. पण तिकडून कोणी आलं की सांगे, म्हातारा सकाळी उठला की पहिले दाराचा कोपरा पाहते. पोळ्याच्या आधीच ते वारले.

इकडे काठी फिरत फिरत त्यांच्या घरापाशी आली. दाराले कुलूप. काही जण म्हणाले, हे घर सोडा, पुढं न्या. मामाजी ऐकेनात. "दार आहे तोवर बारी आहे," म्हणाले, अन् काठी त्या बंद दाराले टेकवली.

मामाजी गेले, तरी अजून तसंच चालते. काकाजींच्या बारीच्या दिवशी काठी दिवसभर त्यांच्या दारात उभी राहते, अन् दिवेलागणीले मी ती उचलून आमच्या दाराले आणते. त्या दिवशी कुरणात राखणीले कोणीच नसते. गुरं काठाकाठानं जातात, गुराखी त्यांले पुढं हाकून नेते. इतकी वर्षं झाली, पण रामाजीच्या बारीले कुरणात एक वासरू शिरलं नाही.