नळी एकची, कळ दोनची

सीमाभागातल्या निंबर्ग्याजवळच्या एका गावातली ती अटक अजूनही मनातून जात नाही. सत्तरच्या दशकात मी त्या भागात सब-इन्स्पेक्टर होतो.

एका जमीनदाराचा मुलगा फिर्याद घेऊन आला. वडील वारल्यावर घरातली विलायती दुनळी बंदूक चोरीला गेली, असे त्याचे म्हणणे. संशयितही त्यानेच सांगितला: वडिलांसोबत शिकारीला जाणारा एक म्हातारा बौद्ध शेतकरी. खबऱ्यानेही त्याच घराकडे बोट दाखवले. झडतीत बंदूक खुंटीला टांगलेलीच सापडली. म्हाताऱ्याकडे पीक राखण्याचा परवाना होता, पण त्यावरचा नंबर ३८ वर संपत होता आणि नळीखालचा ३७ वर. ३७ चा नंबर जमीनदाराच्या परवान्यावर होता. आम्ही म्हाताऱ्याला भर चौकात जीपमध्ये बसवले.

"मालकांनी सोताच्या हातानं दिली, साहेब," तो ठाण्यात म्हणाला. "त्यांची एक, माझी एक."

बाहेर बाकावर बसलेल्या जमीनदाराच्या मुलाने ते ऐकले. "आमच्या अप्पाकडं एकच होती. विलायती बंदूक लटकवायला ह्यो काय नवाब लागून गेला का?"

हवालदार म्हणाला, नंबर जुळला, केस मिटली. मला चैन पडेना. चोर चोरीची बंदूक खुंटीला कशाला टांगेल? मुद्देमालाला सील लावण्याआधी मी ती पुन्हा पाहिली. चापाच्या कमानीवर ३८ होता. एकाच बंदुकीला दोन नंबर. मुलगा लगेच म्हणाला, "आमच्या नळीला ह्यानंच सोताचा दस्ता जोडला असंल." असे कुठलेही भाग जोडता येतात का, ते समजण्यासाठी बंदूक कोणी बनवली हे कळायला हवे होते. वरच्या पट्टीवर सिकंदराबादच्या एका दुकानाचे नाव कोरलेले होते. रिमांड संपत आला होता. परवानगी घेऊन मी बंदुकीसह हैदराबादला एका जुन्या शस्त्रविक्रेत्याकडे गेलो.

त्याने बंदूक उघडली. नाव विकणाऱ्याचे होते, बनवणाऱ्याचे नव्हे. नळीखाली बर्मिंगहॅमच्या चाचणीचे शिक्के होते आणि कारागिराची बारीक अक्षरे. तीच अक्षरे दस्त्याकडच्या लोखंडातही होती. मग त्याने मी नक्षी समजलेले दोन सोनेरी आकडे दाखवले: नळीवर इंग्रजी एक, उघडायच्या कळीवर दोन.

"ये जोडी का माल है, साब. दुसरी किधर है?"

एकाच कारखान्यात शौकिनासाठी बनवलेल्या दोन बंदुका. नळ्यांची अदलाबदल होते, पण प्रत्येक नळी आपल्याच दस्त्यासाठी घासलेली असते. दुसऱ्यात ती जरा ढिली बसते.

परत येताच कोठडीत गेलो. "नळी ढिली बसते का?"

"व्हय. मागल्या खंडेनवमीपासनं."

"कामून?" मीही त्याच्याच बोलीत विचारले.

"पूजेला दोनी बंदुका एका पाटावर पायजेत, असा मालकांचा हट्ट. छप्पन सालापासनं आमी बौद्ध, पूजा करत न्हाई. बंदूक देऊन भाईर बसायचो. त्या साली मालक अंथरुणाला खिळलेले. खोलून पुसायचं काम पोरानं केलं, अन् नळ्या बदलल्या."

"मग परत मागितली का नाही?"

"मालक जायलेत, अन् मी नळीसाठी भांडत बसू?"

"आम्हाला तरी सांगायचं."

"तुमी इचारलंच कुठं? चोरली का, एवढंच इचारायलाव."

मुलाला बोलावले. चहा दिला.

"खंडेनवमीला बंदुका कोण पुसतं तुमच्याकडं?"

"मीच की."

"दोन्ही?"

"दोनीबी..." त्याने कप खाली ठेवला. मग एकेक गोष्ट सांगू लागला.

वारसाने बंदूक ठाण्यात जमा करायची असते. याने ती हुमनाबादच्या एका लॉरीवाल्याला परस्पर विकली होती. जमा करण्याची नोटीस गेल्यावर चोरीची गोष्ट रचली. म्हाताऱ्याच्या नळीखाली आपलाच नंबर निघाला, तेव्हा त्याला आयतेच सापडले. आम्ही हुमनाबादहून दुसरी बंदूक जप्त केली. तिच्या नळीवर दोन होता, कळीवर एक.

या तपासाने मला एक शिकवले. नंबर ज्या भागावर असतो, त्या भागापुरताच तो पुरावा असतो. पुढे प्रत्येक हत्यार पूर्ण उघडूनच मी पंचनामा लिहिला. पण दुसरी गोष्ट म्हाताऱ्याने शिकवली. सुटकेचा आदेश आला तेव्हा मी त्याला बसचे भाडे देऊ केले. त्याने हात मागे घेतला.

"जीपमधून नेलाव, जीपमधूनच सोडा. बाजाराच्या दिशी. समदे असतेत."

बाजाराच्या दिवशी मी युनिफॉर्म घालून त्याच्याशेजारी बसलो. जीप त्याच चौकात थांबवली. खाली उतरून त्याला हात दिला. तो धोतर झटकून उभा राहिला, त्याने चारी बाजूंना एकेकाकडे पाहिले आणि मग घराची वाट धरली. बाजारातली माणसे बाजूला सरून त्याला जाऊ देत होती. न्यायालयाने त्याला सोडले होते. गावाने तेव्हा सोडले.