नाव राहिलेला पक्षी

मंडळी, आज दुपारी थेरगावात आत्याचं कपाट आवरताना तिची सत्तर वर्षांपूर्वीची शाळेची वही सापडली.

तेव्हा आत्या आणि तिची मैत्रीण झुबेदा सातवीत होत्या. पिंपरीच्या माळावर कारखाना उभा राहत होता. शंभर वर्षांनी इथे कोणते प्राणी असतील, ते त्या दोघी मिळून ठरवायच्या. धूर खाणारी खार, तेलात पोहणारा मासा! प्रत्येकाचं चित्र आणि खाली वर्ग, कुळ, जाती, अगदी पुस्तकासारखं.

शेवटच्या पानावर तारांचं घरटं बांधणारा पक्षी होता. वर्ग होता, कुळ होतं, जातीचं नाव मात्र कोरं.

"हे का राहिलं गं?" मी आत्याला विचारलं.

"झुबेदा म्हणली, उद्या सांगते. दुसऱ्या दिशी ती शाळंत आलीच न्हाई. लगीन करून मालेगावला दिली तिला."

"मग तूच ठेवायचंस की नाव."

"एक नाव मी ठेवायचं, एक तिनं, असं ठरलं हुतं. ह्ये तिचं हाय."

मी पुढे केलेलं पेन तिनं बाजूला सारलं.

झुबेदाआजींना कुणी ओळखत असाल तर कळवा. आत्या विचारतेय, काय नाव ठरवलं होतंस?