वाडीवरचा सत्कार

मी नक्की काय काम करतो, हे माझ्या सासुरवाडीत शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. सासरे लोकांना सांगायचे, "जावई कोर्टात आहेत." मेव्हणा म्हणायचा, "पोलिसात." एका लग्नात तर कोणीतरी मला मांडवाच्या कडेला नेऊन विचारलं, "साहेब, तुमच्या ओळखीनं तुरुंगात डबा पोचवता येईल का?" मी भडकलो. माणूस तुरुंगात जाऊ नये म्हणून तर आमचं खातं! गुन्हा शाबीत झाला, पण माणूस पहिल्यांदाच घसरलाय, सुधारेल असं दिसलं, तर न्यायाधीश त्याला शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर घरी सोडू शकतात. मग ठरलेल्या मुदतीत त्याच्यावर देखरेख ठेवायची, त्याला काम मिळतं का, तो नीट राहतो का ते बघायचं, ते आमचं काम. हुद्दा परिविक्षा अधिकारी. हा शब्द मलाच नोकरी लागल्यावर आठवडाभर धड उच्चारता येत नव्हता, तेव्हा सासऱ्यांना काय बोलणार.

नव्वदच्या दशकात शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके माझ्याकडे होते. एसटीनं जायचं, उतरून चालायचं. त्या काळात माझ्या हाती आलेल्या माणसांपैकी एकावर माझा विशेष जीव होता. खर्डीच्या पलीकडच्या एका आदिवासी वाडीवरचा तो, विशीतला. भातसानगरच्या बाजूला एका ठेकेदाराच्या गोदामातून तिघांनी तांब्याची तार पळवली होती. पोलीस आल्यावर दोघं तार टाकून पळाले. हा तार घेऊन पळत होता, म्हणून सापडला. इतका भाबडा चोर मी त्याआधी पाहिला नव्हता.

कोर्टाला अहवाल द्यायचा म्हणून मी त्याच्या घरी गेलो. बाप नव्हता, आई होती. इतर घरांत मला पहिल्यांदा ऐकायला मिळायचं ते हेच, की आमचा मुलगा त्यातला नाही, त्याला गोवलाय. ही बाई म्हणाली, "केलंय त्यानं. आमी खोटं नाय बोलनार. पन परत नाय करनार." मी तिचं वाक्य जसंच्या तसं अहवालात घातलं आणि माझ्या मते त्या एका वाक्यावर तो सुटला. दोन वर्षांची देखरेख लागली.

सहा महिन्यांनी तो मुरबाडकडं राहायला जाण्याची परवानगी मागायला आला. कान लाल झाले होते. डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीवरची मुलगी त्याला आवडली होती. लग्नाचा खर्च झेपत नसेल, तर मुलानं मुलीच्या घरी राहून काही वर्षं राबायचं, शेतीची, जंगलातली कामं करायची आणि मग सासऱ्यानं लग्न लावून द्यायचं, अशी त्यांच्यात रीत आहे. मला ती फार आवडली. आमच्या खात्याला यापेक्षा चांगली देखरेख करता येणार नव्हती.

तो दारातून वळला आणि थांबला. "त्यांना सांगू का सायेब? त्या तारेचं?"

मी म्हणालो, "अजिबात नाही. कोणाला एक अक्षर बोलायचं नाही."

मी त्याला समजावूनही सांगितलं. बंधपत्रावर सुटलेल्या माणसाला त्या गुन्ह्याचा डाग लागू नये असं कायद्यातच लिहिलंय. मग आपण तो कपाळावर कशाला गोंदवून घ्यायचा? तो म्हणाला, "आय बोलते सांगून टाक." मी म्हणालो, "आई अडाणी आहे. मी सांगतो ते ऐक." त्यानं ऐकलं. ऐकण्यात तो पक्का होता.

पुढं दर महिन्याला आम्ही मुरबाडच्या बाजारात भेटायचो, एसटी स्टँडमागच्या हॉटेलात. वाडीवरचं कोणी दिसलं तर मी भाताचा व्यापारी. एकदा त्याचा होणारा सासराच समोर येऊन बसला आणि मला कोलमचा भाव विचारायला लागला. मी काहीतरी ठोकून दिलं. म्हातारा म्हणाला, "शेट, तुमी लवकरच बुडनार." तो गेल्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो. देखरेखीची मुदत संपली त्या दिवशी मी त्याला भजी खिलवली आणि सांगितलं, आता तू मोकळा. लग्नाला अजून तीनेक वर्षं राबायचं होतं, तो राबत राहिला.

मी मात्र वर चढलो. नव्या शतकाच्या सुरुवातीला मी जिल्ह्याचा परिविक्षा अधिकारी झालो. काच घातलेलं टेबल, फिरती खुर्ची, पाटी लावलेली जीप, हाताखाली तरुण अधिकारी. त्यांच्या प्रशिक्षणात मी याची गोष्ट रंगवून सांगायचो. नाव घ्यायचो नाही, पण भाताच्या भावावर हमखास हशा मिळायचा. शेवटी मी बोट उंचावून बजावायचो, "आपल्या माणसाच्या दारात सरकारी गाडी कधी न्यायची नाही." पोरं लिहून घ्यायची. मला वाटायचं, आपल्याला हे काम कळलंय.

मग पुण्याहून एक वरिष्ठ साहेब पाहणीला आले. माणूस वाईट नव्हता, फक्त उत्साही होता. म्हणाले, "फायली पुष्कळ पाहिल्या. मला सुधारलेला माणूस दाखवा." शहापुरात बसस्थानकाजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलेला आमचा एकजण होता. त्याचं सगळं जगजाहीर होतं, तो स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला आपली कथा ऐकवायचा. त्याच्याकडं नेलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण तो माझा नव्हता, माझ्याआधीच्या अधिकाऱ्याचा होता. मला माझा दाखवायचा होता. ही गोष्ट मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केली नाही. मी म्हणालो, "साहेब, जरा आत जावं लागेल, पण बघण्यासारखं आहे."

पाहुणे न्यायचे म्हणजे आपल्याकडं रिकाम्या हातानं जात नाहीत. मी शिपायाला पाठवून शाल आणि नारळ आणवला. माझ्याच सांगण्यावरून. कोणी सुचवलं नव्हतं.

वाडीवर मोठा साहेब जायचा तर पोलीस पाटलाला बरोबर घ्यायचं, हा दुसरा रिवाज. तो मुख्य गावातून आमच्या जीपमध्ये चढला, "कोनाकडं? काय केस हाय?" विचारू लागला आणि साहेबांनी त्याला सगळं मोकळेपणानं सांगितलं. मी पुढच्या सीटवर होतो. मागं वळून "पाटील, हे तुमच्यापाशीच ठेवा" एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मी समोर रस्ता बघत राहिलो. साहेबांना मधेच तोडायचं कसं, एवढाच विचार डोक्यात होता.

उन्हाळा होता, राबाचे दिवस. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची म्हणून लोक डहाळ्यांचे भारे उतरवत होते. जीप बघून पोरंबाळं, बाया, म्हातारे सगळे अंगणात जमले. तो डोंगरावरून डोक्यावर भारा घेऊन आला आणि मला बघून हसला. मग त्याला पाटी दिसली, पाटील दिसला, शाल दिसली. हसू गेलं.

साहेबांनी त्याला भारा उतरवायला लावला, शाल घातली, नारळ हातात दिला आणि भाषण केलं. हा तरुण एकेकाळी चोरीच्या मार्गाला लागला होता, कोर्टानं दोषी ठरवला होता, पण खात्याच्या मार्गदर्शनामुळं आज सन्मार्गानं जगतो आहे, वाडीनं त्याचा आदर्श घ्यावा. शहरी मराठी कोणाला कळली नसेल म्हणून पाटलानं वर खुलासा केला, "म्हंजे यानं तांब्याची तार चोरलेली. केस झालेली." टाळ्या फक्त आम्ही वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या टाळ्यांची मला अजून शरम वाटते.

तो शाल पांघरून घामानं निथळत उभा होता. मुलगी घरात निघून गेली. सासऱ्यानं त्याच्या हातातला नारळ काढून घेतला, ओट्यावर ठेवला आणि भारा उचलून स्वतः शेताकडं गेला. परतताना साहेब फार खूष होते. म्हणाले, "असं काम सगळ्या जिल्ह्यांत व्हायला पाहिजे."

पंधराएक दिवसांनी त्याची आई ठाण्याला माझ्या ऑफिसात आली. खर्डीहून गाडीनं, कोणाला तरी विचारत विचारत. खुर्चीवर बसेना, भिंतीला टेकून उभी राहिली. त्याचं अंथरूण सासऱ्यानं बाहेर ठेवलं होतं. तो घरी येऊन बसला होता. ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुमी जाऊन सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

ते लग्न मोडलं, हे आधीच सांगतो. मुलीला पुढच्या वर्षी दुसरीकडं दिलं, आणि त्यानं पुन्हा कोणाच्या घरी राबायला जायचं नाव काढलं नाही. पण मोडायच्या आधी एक दिवस असा होता, की ते वाचलं असतं.

त्या दिवशी मी जीप नेली नाही. एसटीनं गेलो, पुढं चाललो, पूर्वीसारखा. सासरा ओट्यावर दोर वळत बसला होता. मी भाताचा व्यापारी नाही हे आता त्याला माहीत होतं, तरी त्यानं बसायला घोंगडी टाकली. मुलगी पाण्याचा तांब्या ठेवून दारातच उभी राहिली. मी चोरीबद्दल बोलायला लागलो, वय लहान होतं, संगत वाईट होती, कायद्यानं माफ केलंय. त्यानं मला मधेच थांबवलं.

"चोरीचं काय घेऊन बसलाव सायेब? फारेष्टाची लाकडं आनली म्हनून मी पन आत बसून आलोय. ते काय नाय. पन तो माझ्या घरात जेवला, माझ्या पोरीच्या हातचं जेवला, इतकी वरसं. नि एक दिस बोलला नाय. परका मानूस गाडीतून आला नि त्यानं सांगलं, मंग आमाला कळलं. ज्यानं हे लपवलं तो अजून काय लपवंल?"

मी ज्या गोष्टीची माफी मागायला आलो होतो ती गोष्टच नव्हती. सत्कारानं जे बिघडलं ते बिघडलंच, पण त्याच्या आधी, चार वर्षांपूर्वी, माझ्या शहाण्या सल्ल्यानं बिघडवून ठेवलं होतं. तेव्हाच सांगितलं असतं तर म्हातारा हसला असता आणि फारेष्टाची गोष्ट त्याला ऐकवली असती.

इतक्यात कोणीतरी वर्दी दिली असावी, पोलीस पाटील मोटारसायकलवरून आला. "मोठे सायेब, एसटीनं कशाला? निरोप धाडायचा!" म्हणत माझ्या शेजारी बसला. त्यानं चहा सांगितला.

सासरा दोर वळायचा थांबला होता. माझ्याकडं बघत म्हणाला, "मी लय इचार केला. तो पोरगा सरळ हाय, हे त्याचं डोकं नाय. त्याला कोनीतरी शिकवलंय. शिकवनारा कोन ते कळलं ना, तं मी त्याला परत बोलवीन. सांगा, कोनी शिकवलं?"

मुलगी दाराची चौकट धरून माझ्याकडं बघत होती. पाटील माझ्याकडं बघत होता. एक शब्द पुरे होता, 'मी'. तो माझ्या तोंडात आलेला मला आठवतो. पण मी जिल्ह्याचा मुख्य होतो, पाटील उद्या ते तालुकाभर सांगणार होता, साहेबानंच पोराला खोटं बोलायला शिकवलं म्हणून.

मी तांब्या उचलून पाणी प्यायलो. म्हाताऱ्यानं स्वतःच मान हलवली. "त्याच्या आयशीनंच सांगलं आसंल. दुसरं कोन?"

मी म्हणालो, "असेल."