भिंतीला भिडलेली फिकट रेघ

सांवेर रोडवरचं ते गोदाम आजही डोळ्यांसमोर आहे, आणि ते आठवलं की आधी माझीच चूक आठवते. तेव्हा मी तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. तांब्याच्या तारेची बंडलं चोरीला गेल्याची फिर्याद गोदामाच्या मालकाने दिली. चारही बाजूंना भिंत, पुढे एकच गेट, त्याची चावी चौकीदाराकडे आणि कुलूप शाबूत. मी चौकीदाराला अटक केली.

तो मूळचा महूचा, फौजेतून निवृत्त झालेला, साठी ओलांडलेला माणूस. चौकशीत त्याचं एकच म्हणणं. "साहेब, पीछे पण गेट होतं. मालकांनीच पिछले हफ्ते तिथे भिंत उठवली. फौजेत एक डाग लागला नाही, आता चोर म्हणून मरू का?"

मी मागे जाऊन पाहून आलो. अख्खी भिंत चुना मारून पांढरी, पुढ्यात रिकाम्या खोक्यांची रास. "पीछे तो शुरू से दीवार है, साहब," मालक म्हणाला. मला पटलं. इस्त्रीचे कपडे घातलेला माणूस सरळ वाटणं, ही आम्हा पोलिसांची जुनी खोड.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. "भिया, माल पीछे से गया है. बुड्ढे को छोड़ दो." तेव्हा कुठे मी संगणकावरून त्या जागेचं उपग्रहाने टिपलेलं, चोरीच्या दोन महिने आधीचं छायाचित्र काढलं. वरून गेट काही दिसेना. मागच्या भिंतीला एक फिकट रेघ येऊन भिडली होती, एवढंच. नाला आहे, असं मी ठाण्यात ठणकावून सांगितलं.

तरी तो फोन डोक्यातून जाईना, म्हणून छायाचित्र घरी नेलं. नियमात बसत नव्हतं, पण आता पेन्शन सुरू आहे, सांगायला हरकत नाही. बायको शाळेत भूगोल शिकवायची; तिलाही मी नालाच सांगितला. तिने चष्मा लावला आणि मला झाडलं.

"अहो, हा कुठला नाला? नाला वाकडातिकडा जातो, काठाला हिरवळ असते. ही रेघ एकदम सीधी, सुकी. आणि भिंतीपाशी बघा, कशी फुगली आहे. इथे ट्रक वळतात जी. रोज वळल्याशिवाय जमीन इतकी घासत नाही. आता भिंतीत कोण ट्रक घालतं, सांगा ना?"

एक म्हातारा माणूस माझ्या आंधळेपणामुळे कोठडीत होता.

सकाळी पंचांसमोर खोके हटवले, चुना खरवडला. ट्रक जाईल एवढ्या रुंदीत विटा नव्या होत्या. मालकाला ठाण्यात बोलावलं. मागे कधीच गेट नव्हतं, हे त्याच्याकडून पुन्हा वदवून जबाबात लिहून घेतलं आणि मगच छायाचित्र समोर ठेवलं. त्याने पाणी मागितलं. विम्यासाठी रचलेला बनाव आणि माल लपवल्याची जागा, दोन्ही त्याने संध्याकाळपर्यंत सांगून टाकलं.

तेव्हापासून मी आधी काय दिसतंय ते बोलायचो, ते काय असावं हे नंतर. छायाचित्रांच्या बाबतीत हे लवकर जमलं, माणसांच्या बाबतीत वेळ लागला.

न्यायालयातून सुटका झाल्यावर मी चौकीदाराला म्हणालो, "दादा, चूक माझी झाली. आता घरी जा."

तो जागचा हलला नाही. "असं नको, साहेब. मला नेलं तेव्हा सगळ्या मोहल्ल्याने बघितलं. सोडायला पण तुम्हीच चला. दिन में. वर्दीत."

मी गेलो. गल्लीच्या तोंडाशी जीप थांबवली. तो पुढे, मी मागे, असे त्याच्या दारापर्यंत चालत गेलो. शेजारीपाजारी बाहेर आले तसा मोठ्याने म्हणालो, "यांनी काहीही केलं नव्हतं. मी चुकलो."