देणगीचा फळा

गिरणीचा भोंगा झाला की आम्ही कामगार थेट संध्याकाळच्या वर्गात. वर्ग चालायचा देणगीवर आणि आम्ही जांभयांवर! शिकलेली अक्षरं कधीच गळून पडली. किस्से मात्र अंगाला कापूस चिकटावा तसे अजून चिकटून आहेत.

एका बाईसाहेबांनी कंदील दिला, रॉकेल द्यायचं राहिलं. पुढच्या खेपेला विचारतात, "काय, उजेड पडला का?"

मी म्हटलं, "तुमी आला न्हवं, आता पडंल की!"

मास्तरांनी असं बघितलं, की त्या नजरेवर कंदील पेटला असता.

देणगीदार आला की उभं राहून स्वागतगीत म्हणायचं. पाढे राहिले, गीत पाठ! एकदा दारात पागोटं दिसलं. पेंगणारा वर्ग ताडकन उठला, दोन्ही कडवी म्हटली. दारात हवालदार! हात जोडून सगळं ऐकलं बिचाऱ्यानं. मग म्हणाला, "लई ग्वाड. पर ही भाईर शेळी कुणाची सुटलीया?"

फळा देणाऱ्या शेठजींनी विचारलं, "शिकून कोण होणार?"

"शेठजी!" मी ओरडलो. "म्हंजी नुसतं इचारायचं, उत्तर द्यायला नगं!"

विणकर सायन्नाला मात्र थट्टा सुचत नसे. पोरीला लग्नात द्यायच्या घागरीवर आपलं नाव घालायचं, तेही स्वतःच्या हातचं, एवढ्यासाठी तो मिटते डोळे ताणून बसायचा. मास्तरांनी फळ्याच्या माथ्यावर त्याचं नाव लिहिलं. "हे कुणी पुसू नका. सायन्ना, रोज गिरव."

दुसऱ्याच दिवशी मास्तर तापानं पडले. आम्ही पाळीवर असताना शेठजींचा पेंटर आला आणि फळ्याचा माथा पुसून, ऑइलपेंटनं शेठजींचं अख्खं नाव काढून गेला.

संध्याकाळी सायन्ना खूश! "मास्तरनी रंगात काढून घेतलं बग माजं नाव! केवढं लांब हाय! बापाचं बी घातलं वाटतं."

मला वाटलं, माझ्या संगतीनं हाही थट्टा शिकला. हसलो आणि भिंतीला टेकून झोपलो.

चारच दिवसांत लग्न. फळ्यावरचं गिरवून गिरवून सायन्नानं घागरीवर खडूनं नाव लिहिलं. कासाराला वाचता येत नव्हतं. तो खडूवरून टिंबं ठोकत गेला.

मांडवात व्याह्यांनी घागर उचलली, मोठ्यानं वाचलं, "शेठ मगनदास हरकचंद." आणि विचारलं, "हे कोण वो?"

सायन्नाचं तोंड पांढरं पडलं. मी हातातल्या अक्षता मोजायला लागलो, बघा!

पोरीनं व्याह्यांच्या हातून घागर घेतली. टिंबांवरून बोट फिरवलं.

"नायना," तिनं बापाला विचारलं, "अक्षर तुमचंच हाय न्हवं?"

"व्हय, बाळा."

"मग झालं की!" म्हणाली, आणि घागर कडेवर घेऊन बोहल्याकडे चालू लागली.